लस, पुरावा आणि संमती : वडोदऱ्यातून बाललसीकरणाचा आढावा

लसीकरणाच्या इतिहासात वडोदऱ्याचे नाव ठळकपणे दोनदा येते. पहिल्यांदा १८९८ साली, शहराजवळच्या उंडेरा गावात प्लेगची लस टोचली गेली तेव्हा. दुसऱ्यांदा २००९ साली, जिल्ह्यातील डभोई, शिनोर आणि कवांट या तालुक्यांत दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्यात आली तेव्हा. मधे एकशे अकरा वर्षे गेली. लस खरोखर वाचवते का, हा पहिल्या घटनेपुढचा प्रश्न होता. लस देताना कोणाला, काय सांगून आणि कसे विचारायचे, हा दुसरीने उभा केला. मुलांच्या लसीकरणावरची आजची चर्चा या दोन प्रश्नांभोवतीच फिरते. ती कुठवर आली आहे, काय निकालात निघाले आणि काय बाकी आहे, हे क्रमाने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी : देवीपासून प्लेगपर्यंत

देवीची लस भारतात आली ती मुंबई बंदरातून. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी टोचणी. तिच्या दंडावरच्या फोडातील लस पुढच्यांना, त्यांच्याकडून आणखी पुढच्यांना, अशी हातोहात ती देशभर गेली. या पद्धतीला लोकांचा विरोध झाला, आणि त्यामागे नुसते अज्ञान नव्हते. परक्या मुलाच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगात जाण्याची धास्ती होती, जातीची बंधने होती आणि सरकारी माणसाविषयी संशयही होता. शिवाय देवीच्या साथीला लोकांनी आधीच श्रद्धेच्या चौकटीत बसवले होते. गुजरातेत शीतळा सातमला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे थंड अन्न खाण्याची रीत आजही आहे. देवी हा रोग पृथ्वीवरून गेला, व्रत राहिले.

विरोध करणाऱ्यांत मोठी माणसेही होती. १९१३ साली ‘इंडियन ओपिनियन’मधील आरोग्यविषयक लेखमालेत गांधीजींनी देवीच्या लसीला ठाम विरोध केला. गाईपासून मिळणारा द्रव शरीरात घालणे त्यांना अशुद्ध आणि धर्मबाह्य वाटत होते. लसीविषयीची अस्वस्थता समाजमाध्यमांतून जन्मली असे मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी तिथेच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात प्रयोग झाला. तुरुंगातील निष्कर्ष मात्र गावाला लागू पडतातच असे नाही. मोकळ्या वस्तीतील पुरावा हवा होता, आणि तो बडोदा संस्थानात मिळाला.

उंडेऱ्याचा हिशेब

फेब्रुवारी १८९८ मध्ये उंडेऱ्यात प्लेग होता. हाफकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातील कुटुंबे एकेक करून बोलावली आणि प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. स्त्रिया, पुरुष, मुले, धडधाकट, अशक्त असे सगळे दोन्ही बाजूंना सारखे येतील अशी काळजी घेतली. एकाच छपराखाली राहणारी, एकच पाणी पिणारी आणि एकाच उंदरांच्या शेजारी झोपणारी माणसे दोन गटांत वाटली गेली. तुलना न्याय्य होण्यासाठी हेच हवे होते.

काही आठवड्यांनी घरोघर चौकशी झाली. ज्या अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांत लस टोचलेली ७१ माणसे होती आणि त्यांपैकी ३ दगावली. न टोचलेली ६४ होती, त्यांपैकी २६ दगावली. म्हणजे लस घेतलेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण जवळपास नव्वद टक्क्यांनी कमी होते. त्या काळी सांख्यिकी चाचण्यांची आजची पद्धत रूढ नव्हती, पण एवढ्या फरकाला तिची गरजही नव्हती.

आजच्या नजरेने पाहिले तर या प्रयोगात एक टोचणारी गोष्ट आहे. लस हाताशी असताना निम्म्या घराला ती दिली नाही, आणि कोणाला काय समजावून सांगितले याची आज अपेक्षित असलेली नोंद नाही. त्या काळाला आजचे नियम लावणे योग्य नाही, पण पुरावा आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे उंडेरा नक्की शिकवतो. लोकांचा विश्वास किती नाजूक असतो हे लवकरच दिसले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद सोडावे लागले. दोष प्रयोगशाळेतील लसीत नसून त्या गावी कुपी उघडताना झालेल्या संसर्गात असण्याची शक्यता अधिक, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. पुढे १९२५ मध्ये मुंबईत परळ येथील त्यांच्या प्लेग प्रयोगशाळेला त्यांचेच नाव दिले गेले.

जे निकालात निघाले आहे

स्वतंत्र भारतात देवीची मोहीम पूर्ण झाली. मे १९७५ मध्ये शेवटचे रुग्ण सापडले, १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. १९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. १९९५ पासून पल्स पोलिओची ‘दो बूँद’ घरोघर पोहोचली. भारतातील रानटी विषाणूचा शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. नवजात बाळांचा धनुर्वातही २०१५ मध्ये सार्वजनिक आरोग्याची समस्या उरला नसल्याचे मान्य झाले.

आज सरकारी वेळापत्रकात जन्मताच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हेपॅटायटिस बी दिले जाते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट मिळते. तिच्या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हेपॅटायटिस बी आणि हिब जिवाणू या पाचांवरचे संरक्षण असते. सोबत रोटाव्हायरस, न्यूमोकोकल आणि पोलिओचे इंजेक्शन आहे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, त्याचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत, आणि पुढे दहाव्या व सोळाव्या वर्षापर्यंत बूस्टर. गुजरातेत हे काम मुख्यतः ‘ममता दिवसा’ला अंगणवाडीत चालते. एएनएम लस टोचते, आशाबेन घरोघर जाऊन आठवण करून देते आणि आई ममता कार्ड सांभाळते.

या लसी रोग टाळतात याबद्दल वैद्यकशास्त्रात आज खरा वाद नाही. लसीमुळे ऑटिझम होतो हा दावाही निकालात निघाला आहे. १९९८ मध्ये तो मांडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या अभ्यासात एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध आढळला नाही. प्रत्येक लसीची ताकद सारखी नसते, हेही तितकेच खरे. तमिळनाडूतील चिंगलपुटच्या मोठ्या चाचणीने बीसीजी मोठ्यांना फुप्फुसाच्या क्षयापासून वाचवत नाही असे दाखवले. लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून ती वाचवते, म्हणूनच ती वेळापत्रकात टिकली. शास्त्र स्वतःचे दावे तपासून बदलते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

सरासरीच्या आड

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १२ ते २३ महिन्यांच्या मुलांत पूर्ण लसीकरणाचे प्रमाण गुजरातेत २०१५-१६ मध्ये ५०.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ७६.३ टक्क्यांवर गेले. त्या वेळी देशाची सरासरी ७६.४ आणि महाराष्ट्राचे प्रमाण ७३.५ टक्के होते. या काळात २०१४ ची मिशन इंद्रधनुष आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये गुजरातेतच वडनगरहून सुरू झालेली तिची सघन आवृत्ती राबवली गेली. पाच वर्षांत एवढी वाढ ही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पायपिटीची कमाई आहे.

पण गोवरासारखा रोग सरासरी पाहून थांबत नाही. तो इतका वेगाने पसरतो की साखळी तोडायला सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीत, तसेच भिवंडी आणि मालेगाव इथे गोवराचा उद्रेक झाला, मुले दगावली, तेव्हा ही उणीव उघडी पडली. कोविडच्या काळात चुकलेले डोस, दाटीची वस्ती आणि कुपोषण हे सगळे तिथे एकत्र आले होते. गुजरातेत २०१९ मध्ये बनासकांठा जिल्ह्यात घटसर्पाने डोके वर काढले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार एकही डोस न मिळालेली मुले भारतात २०२१ मध्ये २७ लाख होती. ती २०२२ मध्ये ११ लाखांवर आली, २०२३ मध्ये पुन्हा १६ लाख झाली आणि २०२४ मध्ये ९ लाखांवर उतरली. हा चढउतार सांगतो की मिळवलेले यश दरवर्षी नव्याने राखावे लागते.

वडोदरा परिसरात ही उणीव कुठे असू शकते, हे नकाशावर ओळखता येते. छोटा उदेपूर आणि दाहोदकडची आदिवासी कुटुंबे शेतमजुरीसाठी सौराष्ट्रात आणि बांधकामासाठी शहरात येतात. ममता कार्ड गावात आणि मूल बांधकामाच्या जागी, असे झाले की पुढचा डोस कोणाच्याच यादीत राहत नाही. अशा कुटुंबाला ‘नकार देणारे’ म्हणणे चूक ठरेल. नकार आणि गैरसोय यांचा उपाय एकच नसतो.

२००९ : वडोदरा जिल्ह्यातील एचपीव्ही प्रकल्प

भारतात दरवर्षी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण सापडतात आणि सुमारे ८० हजार स्त्रियांचा मृत्यू होतो. त्यामुळे एचपीव्ही लसीचा विचार होणे स्वाभाविक होते. २००८ मध्ये भारतात लसींना परवाना मिळाला. २००९ मध्ये ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन राज्य सरकारांसह प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. त्याला गेट्स फाउंडेशनचे अर्थसाह्य होते आणि लसी कंपन्यांनी देणगी म्हणून दिल्या होत्या. आंध्रातील खम्मम जिल्ह्यात सुमारे १४ हजार आणि वडोदरा जिल्ह्यात सुमारे १० हजार मुलींना लस देण्यात आली. खम्मममध्ये गार्डासिल वापरली गेली, वडोदऱ्यात सर्व्हारिक्स. निवडलेल्या तालुक्यांपैकी कवांट हा बहुतांशी आदिवासी तालुका, आज छोटा उदेपूर जिल्ह्यात.

पुढे सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, पाच आंध्रातल्या आणि दोन गुजरातेतल्या. स्त्रियांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या ‘समा’सारख्या संस्थांनी प्रश्न विचारले. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. केंद्राने नेमलेल्या चौकशी समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. सर्पदंश, बुडणे, कीटकनाशक प्राशन, ताप अशी मृत्यूंची कारणे नोंदली गेली होती आणि त्यांचा लसीशी संबंध असण्याची शक्यता समितीला दिसली नाही. संमती आणि देखरेख यांतील त्रुटी मात्र तिनेही नोंदवल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या ७२ व्या अहवालात संस्था आणि परिषद दोघांवरही कठोर ठपका ठेवला. आंध्रातील अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या असणे हा तिचा एक प्रमुख आक्षेप होता. पाथने हे निष्कर्ष नाकारले. परवाना मिळालेल्या लसीचा हा प्रात्यक्षिक प्रकल्प होता, औषधचाचणी नव्हती, अशी तिची भूमिका होती. प्रकरण कल्पना मेहता खटल्याच्या रूपाने सर्वोच्च न्यायालयात गेले. मे २०१८ मध्ये घटनापीठाने संसदीय समितीचे अहवाल न्यायालयात विचारात घेता येतात असा निर्णय दिला.

याच वेळी दुसरा एक अभ्यास चालू होता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था दोन डोस पुरतात का तीनच हवेत, हे भारतातील अनेक केंद्रांवर तपासत होती. त्यांत बार्शी, पुणे, मुंबई आणि अहमदाबादही होते. एप्रिल २०१० च्या स्थगितीमुळे तिथेही लस देणे थांबले आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : विषाणूच्या १६ आणि १८ या घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका डोसने सुमारे ९५ टक्के संरक्षण दिले. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय स्वीकारला, त्यात या मुलींच्या माहितीचा मोठा वाटा आहे. २०२२ मध्येच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ला परवाना मिळाला, राष्ट्रीय सल्लागार गटाने लसीची शिफारस केली, आणि २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली.

मुख्य भूमिका

आज या प्रश्नावर चार भूमिका स्पष्ट दिसतात.

पहिली सार्वजनिक आरोग्य यंत्रणेची. लस जितक्या अधिक मुलांना मिळेल तितके न घेतलेल्यांचेही संरक्षण होते, म्हणून वेग आणि व्याप्ती महत्त्वाची. २०१० ची स्थगिती आणि त्यानंतरची लांबण यांमुळे मुलींची एक पिढी लसीविना मोठी झाली आणि याची किंमत काही दशकांनी कर्करोगाच्या रूपात दिसेल, हा या बाजूचा सर्वांत भारदस्त मुद्दा आहे.

दुसरी हक्कांच्या बाजूची. लस चांगली असली तरी गरीब, आदिवासी, वसतिगृहातील मुलींची निवड का झाली आणि त्यांच्या आईबापांना त्यांच्या भाषेत काय सांगितले गेले, असे ती विचारते. फायदा मोठा आहे म्हणून संमती दुय्यम ठरत नाही, असे तिचे म्हणणे. हिला लसविरोध म्हणणे अन्यायाचे आहे.

तिसरी काही डॉक्टरांची आणि अभ्यासकांची. दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ जेकब पुलियेल हे तिचे ठळक नाव. प्रत्येक नवी लस घेण्यापूर्वी त्या रोगाचा भारतातील भार, खर्च आणि लसीनंतरच्या घटनांची माहिती खुली असावी, असा त्यांचा आग्रह. पेंटाव्हॅलंट लसीवर त्यांनी घेतलेल्या आक्षेपांना वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांच्यासारख्यांनी हिब जिवाणूने होणाऱ्या न्यूमोनिया आणि मेंदूज्वराकडे बोट दाखवून उत्तर दिले. बहुतेक तज्ज्ञांचा कौल लसीच्या बाजूने पडला. माहिती खुली करण्याची मागणी मात्र वाजवीच राहते.

चौथी पालकांची. तिच्यात एकच सूर नाही. शहरातील सुशिक्षित पालक खासगी दवाखान्यात गालगुंड, कांजिण्या, टायफॉइडच्या लसींसाठी हजारो रुपये मोजतात. कोणी इंटरनेटवर वाचून थबकतात. बांधकामावरची आई मात्र लसीनंतर ताप आला तर उद्याचा रोज बुडेल, याचा हिशेब करते. हा हिशेब खरा आहे, त्यामुळे नुसत्या प्रबोधनाने तो सुटत नाही.

जे अजून सुटलेले नाही

पहिला प्रश्न सक्तीचा. मुलांच्या नियमित लसीकरणाची सक्ती करणारा देशव्यापी कायदा आज नाही. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांतील गोवर-रुबेला मोहिमेसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. मे २०२२ मध्ये, कोविडच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची जबरदस्ती करता येत नाही, पण सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतात असे म्हटले. शाळेत दिल्या जाणाऱ्या नियमित लसींना ही तत्त्वे कशी लावायची, हे पुरेसे स्पष्ट नाही. तेरा वर्षांच्या मुलीचे स्वतःचे मत कुठे बसते, हेही नाही. संशोधनात सात वर्षांवरील मुलाचा होकार घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, नेहमीच्या लसीकरणात तशी रीत नाही.

दुसरा प्रश्न लसीनंतरच्या घटनांचा. त्यांची नोंद आणि कारणमीमांसा करणारी राष्ट्रीय समिती २००८ पासून आहे. पण मूल गमावलेल्या घराला निष्कर्ष समजेल अशा भाषेत आणि वेळेत पोहोचतो का, हा खरा कस आहे. लसीमुळे क्वचित इजा झाली तर दोष सिद्ध न करता भरपाई देण्याची सोय ब्रिटनमध्ये १९७९ पासून आणि अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने आहे. आपल्याकडे मुलांच्या नियमित लसीकरणासाठी कायद्याने बांधलेली तशी योजना उभी राहिलेली नाही.

तिसरा प्रश्न यादीचा. टायफॉइडची लस २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने सार्वजनिक मोहिमेतून दिली आणि असे करणारी ती जगात पहिली ठरली. तरी कोणती नवी लस कधी आणि कोणत्या निकषाने मोफत यादीत येणार, हे सामान्य पालकाला कळत नाही. पोलिओच्या थेंबांतील दुबळा विषाणू क्वचित बदलून पुन्हा रोग निर्माण करू शकतो. २०२४ मध्ये मेघालयात लसजन्य विषाणूचा असा एक रुग्ण आढळला. त्यामुळे थेंब थांबवून पूर्णपणे इंजेक्शनवर कधी जायचे, यावर विचार चालू आहे.

चौथा प्रश्न लसच नसलेल्या रोगांचा. नागपूरजवळच्या चांदिपुरा गावी १९६५ मध्ये सापडलेल्या विषाणूने २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेतील अनेक मुलांचा बळी घेतला. वाळूमाशीवाटे पसरणारा हा मेंदूज्वर ताप आल्यावर एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. बाजार लहान आणि रुग्ण ग्रामीण, गरीब असल्याने अशा रोगांवरील लसींचे संशोधन कोण करणार, याचे उत्तर आपल्याच संस्थांना द्यावे लागेल.

आजची स्थिती

एकंदरीत, बाललसी रोग टाळतात का या प्रश्नावर पुरावा भक्कम आहे आणि दर पिढीत तो नव्याने मिळत राहिला आहे. वाद उरला आहे तो लस कशी निवडावी, कशी सांगावी, कोणापर्यंत कशी न्यावी आणि काही बिघडले तर उत्तर कोणी द्यावे याचा. या प्रश्नांना लसविरोधाच्या खात्यात टाकले तर खरे लसविरोधकच बळावतात, आणि हे प्रश्न पुढे करून लसीलाच नाकारले तर घटसर्प आणि गोवर आधी गाठतात ते सर्वांत गरीब मुलाला.

वडोदरा परिसरासाठी यातून निघणारे काम छोटे आणि करता येण्याजोगे आहे. कवांट, डभोई आणि शिनोरमधील त्या दहा हजार मुली आता तिशीकडे झुकल्या आहेत. त्यांपैकी कित्येकींच्या मुली काही वर्षांत एचपीव्ही लसीच्या वयात येतील. २००९ मध्ये काय दिले, चौकशीत काय आढळले, एका डोसबद्दल आज काय कळले आहे, हे त्यांना गुजरातीत आणि राठवीत, ममता दिवसाला समोर बसवून सांगता येईल. जी माहिती त्यांच्यासारख्या मुलींच्या शरीरांतून जगाला मिळाली, ती त्यांच्यापर्यंत पोहोचणे हा त्यांचा हक्क आहे. तो पाळला गेला, तर त्या आया आपल्या मुलींबद्दलचा निर्णय समजून घेतील, आणि तशा होकारावर उभे राहिलेले लसीकरण पहिल्याच अफवेने ढासळणार नाही.